‘चेक’चा अर्थ लावायचा कसा: आधी शह, मग तपास

‘चेक कर’ म्हणजे तपास, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पंचाईत होते ती पुढे. ‘चेक द स्प्रेड ऑफ डिसीज’चं भाषांतर ‘रोगाच्या प्रसाराची तपासणी करा’ असं होतं, ‘अनचेक्ड ग्रोथ’ची ‘न तपासलेली वाढ’ होते, आणि ‘चेक्ड बॅगेज’ म्हणजे तपासून झालेलं सामान असा समज करून घेतला जातो. तिन्ही चूक, आणि तिन्ही चुकांचं मूळ एकच. आपण ‘तपासणे’ हा या शब्दाचा मूळ अर्थ धरतो आणि बाकीचे त्यावर बेतत बसतो. प्रत्यक्षात तपासणं उशिरा आलं. आधी होतं अडवणं, आणि त्याच्याही आधी होता बुद्धिबळाच्या पटावरचा शह.

हा शब्द एकदा नीट उकलला की त्याचे वीस-पंचवीस वापर वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. उकलायचा कसा, ते पाहू. हीच रीत इंग्रजीतल्या दुसऱ्या बहुअर्थी शब्दांनाही लावता येते, पण ‘चेक’इतकं घसघशीत उत्तर फार थोड्या शब्दांतून निघतं.

आधी ढीग, मग वर्गवारी

शब्दकोश उघडण्यापूर्वी तो शब्द जिथे जिथे भेटतो ते सगळे वापर एका कागदावर उतरवून काढा. क्रम लावू नका, अर्थही लिहू नका. ‘चेक’ची यादी अशी होईल: चेकमेट, चेक डॅम, चेकनट, चेक व्हॉल्व्ह, चेकपोस्ट, चेक्सचा शर्ट, बँकेचा चेक, चेकअप, चेकलिस्ट, हॉटेलातलं चेक-इन, विमानतळावर सोपवलेली बॅग, फॉर्मच्या चौकटीतली बरोबरची खूण, अमेरिकन उपाहारगृहातलं जेवणाचं बिल, पोकरमध्ये पैसे न लावता डाव पुढे ढकलणं, आइस हॉकीत अंगावर धडकून प्रतिस्पर्ध्याला रोखणं.

आता प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: इथे नेमकं घडतं काय? काही अडतं, दोन गोष्टी एकमेकींशी जुळवल्या जातात, की नुसते चौकोन दिसतात?

अडण्याचा ढीग लगेच उभा राहतो. चेक डॅम पाणी तपासत नाही, अडवतो. मराठीत तो सरळ बंधारा. चेक व्हॉल्व्ह पाण्याला एका दिशेने जाऊ देतो आणि परतताना वाट बंद करतो. फिटरच्या बोलण्यातला चेकनट तर या अर्थाचा उत्तम नमुना आहे. बोल्टवर एक नट बसवल्यावर त्याच्या मागून दुसरा नट आणून पहिल्यावर आवळतात. आवळताना पहिला नट पान्याने धरून ठेवावा लागतो, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. दोन्ही नट एकमेकांना रेटतात, त्यामुळे कंपनाने कुठलाच सैल होत नाही. इथे कोणी कोणाला ‘पाहत’ नाही. दुसरा नट पहिल्याला शह देऊन बसलेला असतो.

जुळवण्याच्या ढिगात बँकेचा चेक, बॅगेवरचा बिल्ला, चेकलिस्ट, बरोबरची खूण. चौकोनांच्या ढिगात शर्ट आणि शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा. ‘तपासणे’ असा स्वतंत्र ढीग करायला गेलात तर लक्षात येईल की तो जुळवण्याच्या ढिगातच मुरतो. टायरमधली हवा ‘चेक’ करायची म्हणजे आकडा ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा.

कुठल्याच ढिगात न बसणारा वापर उरला तर दोन शक्यता असतात: मधली कडी हरवलेली असते, किंवा शब्दच वेगळा असतो. युरोपातला चेक देश या दुसऱ्या प्रकारातला. त्याचं इंग्रजी स्पेलिंग पोलिश वळणाने आलं आहे, शब्द स्लाव्ह आहे, आपल्या ‘चेक’शी त्याचं काही नातं नाही. आणि मराठीतल्या चेकाळण्याचंही नाही, हे जाता जाता सांगून ठेवलेलं बरं.

मागे जाताना आवाजांचा माग ठेवा

मूळ शोधताना अर्थ फसवतो, आवाज सहसा फसवत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कुठला वर्ण कशात बदलला आणि तसाच बदल दुसऱ्या शब्दांतही दिसतो का, हे पाहायचं. एकाच शब्दासाठी खास नियम काढावा लागला तर मार्ग चुकला असं समजावं.

‘चेक’चा माग असा निघतो. फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला केला की ‘शाह!’ असं म्हणून सावध करायचं. मराठीतला शह हाच. खेळ अरबांकडून युरोपात गेला तेव्हा मध्ययुगीन लॅटिनने या शब्दाचा ‘स्काकस’ केला. ‘श’ त्या कानांना ‘स्क’सारखा आणि शेवटचा ‘ह’ ‘क’सारखा लागला. पुढे जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘एशेक’ झाला. सुरुवातीला ‘ए’ कुठून आला? ‘स’ला लागून दुसरं व्यंजन आलं की त्या बोलीला ते थेट उच्चारणं जड जाई, म्हणून पुढे एक स्वर जोडला जाई. स्टेशनचं इष्टेशन करणाऱ्या जिभेला हे समजावून सांगायला नको. लॅटिन ‘स्कोला’चं फ्रेंचमध्ये ‘एकोल’ झालं तेही याच वाटेने. इंग्रजीने हा शब्द उचलताना पुढचा ‘ए’ गाळला आणि ‘चेक’ उरला.

‘चेस’ हे खेळाचं इंग्रजी नाव म्हणजे त्याच जुन्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन. खेळाचं नावच मुळी ‘शह’! खेळाचं आपल्याकडचं जुनं नाव चतुरंग. ते फारसीत चतरंग, अरबीत शतरंज झालं. इंग्रजीने मात्र ते नाव घेतलंच नाही, पटावर ओरडायचा शब्द घेतला. आजच्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’चा अर्थ ‘अपयश’ असा आहे, अनेकवचनात तो बुद्धिबळ.

शाहच्याही मागे जायचं तर प्राचीन फारसीत राज्य करणे या अर्थाचा ‘क्षय्’सारखा धातू सापडतो. संस्कृतातल्या ‘क्षत्र’चा तो भाऊबंद. क्षत्रिय आणि बँकेचा चेक एकाच कुळातले आहेत, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गंमत वाटते. पण आवाजांचा माग तिथेच नेतो.

एका प्रसिद्ध गोष्टीपाशी मात्र थांबा. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’, आणि त्याचा अर्थ ‘राजा मेला’, असं सर्रास सांगितलं जातं. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, त्यामुळे ते पटतंही. पण पटाकडे पाहा. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, बाकी सोंगट्यांसारखा उचलून बाजूला ठेवला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही, इतकंच. फारसीतला ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि तो पटावरच्या परिस्थितीशी तंतोतंत जुळतो. मराठीत ‘मात करणे’ म्हणजे ठार मारणे नव्हे, हरवणे, हेही ध्यानात घ्या. अर्थ सांगणारी गोष्ट आणि प्रत्यक्ष वस्तू यांचं जमत नसेल तर वस्तूवर विश्वास ठेवावा.

पटावरून हिशेबाच्या टेबलावर

शहापासून अडवण्यापर्यंतची उडी सोपी आहे. शह बसला की बाकी सगळं बाजूला ठेवून राजा सोडवावा लागतो. ठरवलेली खेळी जागीच थांबते. त्यामुळे 14व्या शतकापासून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अचानक बसलेला धक्का, अडथळा, रोखणं असे अर्थ दिसू लागतात. ससाण्याची शिकार करणाऱ्यांनी तो आपल्या बोलीत घेतला: ससाणा नेमून दिलेलं सावज सोडून भलत्याच पक्ष्यामागे वळला की त्याने ‘चेक’ केलं असं म्हणत.

पण रोखण्यापासून ताडून पाहण्यापर्यंत यायला मधे एक कडी लागते, आणि ती इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात सापडते. तिथल्या कामकाजाचं वर्णन रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने 12व्या शतकाच्या उत्तरार्धात ‘डायलॉगस दे स्काकारिओ’ या लॅटिन संवादात लिहून ठेवलं आहे. नावातला ‘स्काकारिओ’ म्हणजे बुद्धिबळाचा पट. साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद असं ते टेबल. कडेने चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वरच्या सोंगट्या खाली पडू नयेत. त्यावर काळं कापड, आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. या रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब व्हायचा: एक रकाना पेनीचा, पुढचा शिलिंगचा, मग पौंड, विसा (म्हणजे वीस पौंडांचा), शेकडा, हजार. 12 पेनींचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड.

हे कापड कसं वापरायचं, ते एका काल्पनिक हिशेबावर करून पाहा. कागदावर चार रकाने आखा: विसा, पौंड, शिलिंग, पेनी. समजा प्रांताच्या अधिकाऱ्याचं देणं 74 पौंड 8 शिलिंग आहे. वरच्या ओळीत विसांच्या रकान्यात 3 बिया ठेवा, पौंडात 14, शिलिंगात 8. त्याने भरलेत 61 पौंड 3 शिलिंग; खालच्या ओळीत विसांत 3, पौंडात 1, शिलिंगात 3. आता वरखाली जोड्या लावून उचलत जा. विसांचा रकाना रिकामा होतो, पौंडात 13 उरतात, शिलिंगात 5. बाकी 13 पौंड 5 शिलिंग. आकडेमोड न येणाऱ्यालाही टेबलाभोवती उभं राहून ही वजाबाकी डोळ्यांनी दिसत होती, आणि तिचा खरा उपयोग तोच होता. त्या संवादातला शिष्य नावाचं कारण विचारतो तेव्हा गुरू सांगतो की पटावर दोन बाजू लढतात तशी इथे मुख्यतः खजिनदार आणि प्रांताधिकारी यांची झुंज असते. हिशेब घेणं म्हणजे शह देणं, अशी ही सांगड त्या काळातच घातली गेली होती.

पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. त्याचं इंग्रजीत ‘एक्सचेकर’ झालं. त्यातला ‘क्स’ खोटा आहे. शब्दाच्या तोंडी लॅटिनचा ‘एक्स’ हा उपसर्ग असावा असं वाटून नंतर घुसवलेला. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो, आणि चौकडीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात तेही याच पटावरून.

दोन तुकडे जुळले तर खरं

त्याच खजिन्यात पावती म्हणून लाकडी पट्टी देत. रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याच्या, वीसला करंगळीच्या, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग पट्टी खाचांमधून उभी चिरायची, म्हणजे दोन्ही भागांवर त्याच खाचा राहतात. एक भाग खजिन्याकडे, दुसरा पैसे भरणाऱ्याकडे. वाद झाला की दोन्ही एकत्र धरायचे. कोणी आपल्या तुकड्यावर एक खाच वाढवली तरी दुसऱ्यावर ती नसते, आणि लाकडाच्या शिरा तर कुणालाच नकलता येत नाहीत. ही पद्धत 1826 पर्यंत टिकली. 1834 मध्ये उरलेल्या पट्ट्यांचा ढीग संसदेच्या भट्टीत जाळायला घेतला आणि 16 ऑक्टोबरला जुना संसदवाडाच जळून गेला.

‘चेक’च्या नव्या अर्थाची नाडी या चिरलेल्या पट्टीत हाताला लागते. फसवणूक रोखायची असेल तर जुळवून पाहण्याजोगा दुसरा तुकडा हवा. 18व्या शतकाच्या सुरुवातीला बँकेच्या कागदाच्या संदर्भात ‘चेक’ हा शब्द आला तो पैसे देणाऱ्या कागदासाठी नव्हे, तर मागे राहणाऱ्या प्रतिपत्रासाठी. ते बनावट कागदाला ‘चेक’ होतं, म्हणजे शह. पुढे नाव मागच्या तुकड्यावरून पुढच्यावर सरकलं. ब्रिटिशांनी ‘एक्सचेकर’च्या नादाने त्याचं स्पेलिंग ‘क्यू-यू-ई’ने संपवलं, अमेरिकनांनी ‘सी-के’च ठेवलं. म्हणून ब्रिटिश वळणाच्या लेखनात बँकेचा चेक आणि तपासण्याचा चेक यांची स्पेलिंगं वेगळी ठेवा, अमेरिकन लेखनात एकच. एका लेखात दोन्ही वळणं मिसळली की वाचणारा अडखळतो.

फारसी ‘चक’ किंवा अरबी ‘सक्क’ या दस्तऐवजांच्या नावांवरून बँकेचा चेक आला असंही ऐकायला मिळतं. ध्वनी जवळचा आहे, वस्तूही जवळची आहे. पण इंग्रजीत सर्वांत जुना वापर प्रतिपत्राचा आहे आणि स्पेलिंगही आधी साधंच दिसतं, त्यामुळे ही व्युत्पत्ती टिकत नाही. कुठलीही व्युत्पत्ती ऐकली की विचारायचं: त्या भाषेत तो शब्द पहिल्यांदा कुठल्या अर्थाने आला? बहुतेक रंजक गोष्टी या प्रश्नापाशीच गळतात.

रेल्वेत सामानासाठी पितळी बिल्ल्यांची जोडी असे, एक पेटीला बांधलेला, एक प्रवाशाच्या हातात. त्यालाही ‘चेक’ म्हणत. विमानतळावरचं ‘चेक्ड बॅगेज’ तिथून आलं. अर्थ ‘तपासलेलं’ नव्हे, तर जोडचिठ्ठी घेऊन सोपवलेलं सामान. पावसामुळे बेसबॉलचा सामना रद्द झाला तर पुन्हा येण्यासाठी मिळणारा तुकडा तो ‘रेन चेक’. अमेरिकेत 1880च्या दशकापासूनचा हा वापर आज बोलण्यात आला तर ‘आत्ता नको, पुन्हा कधीतरी’ असा सभ्य नकार समजावा.

‘तपासून खरंखोटं करणे’ हे क्रियापद 17व्या शतकाच्या अखेरीस रुळू लागलं. म्हणजे शहाच्या अर्थाला तोवर तीनशे वर्षं होऊन गेली होती.

मराठीत जवळचा शब्द: ताळा

या अर्थाला मराठीत ‘तपासणे’पेक्षा ‘ताळा करणे’, ‘पडताळणे’ हे शब्द जवळचे आहेत. गणिताचा ताळा काय करतो? उत्तर पुन्हा काढत नाही, वेगळ्या वाटेने जुळवून पाहतो. पुस्तकांच्या 13 अंकी आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा ‘चेक डिजिट’ हा असाच ताळ्याचा अंक आहे. पहिले 12 अंक घ्या, त्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणा, बेरीज करा. बेरजेत जितके मिळवले की पुढचं दहाच्या पटीतलं पूर्णांक येतं, तो शेवटचा अंक. समजा अंक आहेत 9, 7, 8, 1, 2, 3, 4, 5, 6, 7, 8, 9. गुणाकार येतात 9, 21, 8, 3, 2, 9, 4, 15, 6, 21, 8, 27. बेरीज 133, पुढची दहाची पट 140, म्हणून ताळ्याचा अंक 7. बेरीज आधीच दहाच्या पटीत आली तर अंक 0.

एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर हा ताळा ते हमखास पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा पकडतो, पण त्यांच्यात 5 चा फरक असेल तर नाही: 1 आणि 6 यांच्या जागा बदलल्या तर बेरजेत नेमका 10 चा फरक पडतो आणि ताळा जुळल्यासारखाच दिसतो. चेक आहे म्हणून चूक नाही, असं नसतं.

कुठे ‘चेक’, कुठे दुसरा शब्द

इंग्रजी लिहिताना ओळख सोपी आहे. हाताशी ठरलेला मापदंड असेल आणि उत्तर ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच येणार असेल तर ‘चेक’. काय सापडेल ते आधी माहीत नसेल तर ‘एक्झॅमिन’. डॉक्टर रुग्णाला ‘एक्झॅमिन’ करतात आणि त्याचा रक्तदाब ‘चेक’ करतात. दोन्ही एकाच भेटीत घडतं, पण क्रियापदांची अदलाबदल होत नाही. ‘एक्झॅमिन’चं मूळ लॅटिन ‘एक्झामेन’, तराजूचा काटा. त्यात तोलून पाहणं आहे. अधिकाराने, वरून खालून पाहणं ते ‘इन्स्पेक्ट’, शब्दशः आत पाहणं. ‘टेस्ट’ म्हणजे धातूची मूस: सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या मातीच्या भांड्याला लॅटिनमध्ये ‘टेस्टम’ म्हणत. म्हणून ‘टेस्ट’मध्ये वस्तूला काहीतरी करून पाहणं आलं, ताण देणं आलं. आपली कसोटीही सोनारीतूनच आलेली, पण ती दगडावर घासायची; मूस आणि कस यांत फरक आहे. ‘ऑडिट’ म्हणजे ऐकणं, कारण हिशेब मोठ्याने वाचून दाखवत.

‘कंट्रोल’ची कथा मात्र उलटी आहे, आणि ती माहीत असावीच. मूळ ‘काँत्रारोतुलस’, म्हणजे जुळवून पाहण्यासाठी ठेवलेली हिशेबाची दुसरी गुंडाळी. म्हणजे ‘कंट्रोल’ ताडण्यापासून सुरू होऊन रोखण्यावर आला आणि ‘चेक’ रोखण्यापासून सुरू होऊन ताडण्यावर. दोघांची वाटेत गाठ पडली असणार! फ्रेंच आणि जर्मनमध्ये त्या शब्दाचा तपासण्याचा अर्थ अजून पक्का आहे, म्हणून त्या भाषांतून इंग्रजीत येणारे लोक ‘तिकीट कंट्रोल केलं’ म्हणतात. ‘पासपोर्ट कंट्रोल’ या पाटीवर तो जुना अर्थ इंग्रजीतही उरला आहे.

पुढे जोडलेला छोटा शब्द बदलला की ‘चेक’चं काम बदलतं. ‘चेक द टायर’ म्हणजे टायर पाहा; ‘चेक फॉर अ पंक्चर’ म्हणजे पंक्चर आहे का ते शोधा. ‘फॉर’ गाळून ‘चेक द लीक’ लिहिलं तर गळती आहेच असं गृहीत धरलं जातं. यादीशी जुळवायचं असेल तर ‘चेक अगेन्स्ट’. इथे मराठीतल्या ‘यादीशी’वरून ‘विथ’ लिहिण्याची चूक फार होते, आणि ‘चेक विथ’चा अर्थ एखाद्या माणसाला विचारून घेणं असा आहे. ‘चेक ऑन’ काळजीपोटी, ‘चेक अप ऑन’ संशयापोटी: आजारी आजीवर ‘चेक ऑन’ करावं, ‘अप’ घातलं की आजी औषध लपवून ठेवते असा वास येतो. ‘चेक आउट’ तीन तऱ्हांनी येतं: हॉटेल सोडणं, ग्रंथालयातून पुस्तक नेणं, एखादी गोष्ट बघून घेणं. आणि कर्ता वस्तू असेल, ‘द स्टोरी चेक्स आउट’, तर गोष्ट खरी निघाली.

भाषांतर करताना कर्माकडे पाहा. पाणी, रोग, राग, वाढ, महागाई अशी वाहणारी किंवा वाढणारी गोष्ट कर्म असेल तर जवळजवळ नेहमी ‘रोखणे, आवर घालणे’. आकडा, यादी, पत्ता, दस्तऐवज असेल तर ‘पडताळणे’. यंत्र किंवा त्याचा भाग असेल तर ‘तपासणे, पाहणे’. ‘अनचेक्ड’ हाच नियम पाळतो: ‘अनचेक्ड पॉवर’ ती बेलगाम सत्ता, ‘अनचेक्ड बॉक्स’ तो खूण न केलेला चौकोन. ‘चेकर्ड करिअर’मध्ये मात्र पटावरचे काळेपांढरे चौकोन आहेत, म्हणजे चढउतारांची कारकीर्द.

खुणेबद्दल एक सावधगिरी. फॉर्मवर बरोबरची खूण करणं याला अमेरिकन ‘चेक’ म्हणतात, ब्रिटिश ‘टिक’. पण स्वीडन, फिनलंड आणि जपान इथे शाळेच्या उत्तरपत्रिकेवर हीच खूण चूक दाखवायला वापरतात. तिकडच्या कुणासाठी कागद तयार करत असाल तर खुणेचा अर्थ शेजारी शब्दांत लिहा.

‘चेकलिस्ट’मध्ये दोन्ही जुने अर्थ एकत्र नांदतात. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 हे चार इंजिनांचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून नियंत्रक पृष्ठभागांना, म्हणजे विमान वळवणाऱ्या आणि वरखाली करणाऱ्या हलत्या पट्ट्यांना, घातलेली अडण काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांच्या हातात लेखी यादी आली. चांगली यादी ती, जिच्यापाशी हात थांबतो. नुसत्या भराभर खुणा होत असतील तर तिच्यातला शह गेलेला असतो. म्हणून यादीतली कलमं ‘इंधन तपासा’ अशी मोघम न लिहिता जुळवता येतील अशी लिहावीत: ‘इंधन: काटा अर्ध्याच्या वर’.

आता हाताखालून घालायला तीन वाक्यं. ‘शी चेक्ड हरसेल्फ’ हे तिन्हींत आहे. ‘ती काहीतरी बोलणार होती, पण शी चेक्ड हरसेल्फ’: तिने स्वतःला आवरलं. ‘शी चेक्ड हरसेल्फ इन द मिरर’: तिने आरशात पाहून घेतलं. ‘शी चेक्ड हरसेल्फ इनटू अ हॉस्पिटल’: ती स्वतःहून रुग्णालयात दाखल झाली. पहिल्यात शह आहे, दुसऱ्यात ताळा, तिसऱ्यात वहीतली नोंद. तिन्ही ठिकाणी ‘तिने स्वतःला तपासलं’ असं लिहून पाहा. फक्त मधलं वाक्य कसंबसं उभं राहतं.